रात्री हाताला मुंग्या येतात? आधी बोटं बघा, मग उशी

रात्री दोन-अडीचला जाग येते आणि हात आपला नाहीच असं वाटतं. दुसऱ्या हातानं उचलून तो बाजूला ठेवावा लागतो, झटकावा लागतो, मग झिणझिण्या येत येत तो ठिकाणावर येतो. वर्धा-यवतमाळकडच्या गावांत फिजिओथेरपीचं काम करताना ही तक्रार माझ्या कानावर सतत येते. तिच्यासोबत कारणंही ठरलेली असतात: वारं लागलं, रक्त थांबलं, नाहीतर अशक्तपणा आला. मग कुणी ताकदीचं इंजेक्शन घेतं, कुणी तेल चोळतं, कुणी मनगटाला काळा दोरा बांधतं. आपण कसे झोपतो आणि डोक्याखाली काय घेतो, हे मात्र बघायचं राहून जातं.

ज्यांनी यावर अजून काहीच करून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोणती बोटं बधिर होतात ते बघायचं, मग हात झोपेत कुठे असतो ते, आणि त्यानंतर उशी. नवी उशी विकत घेण्याची वेळ आली तर ती सगळ्यात शेवटी येते, आणि बहुतेक घरांत येतच नाही.

होतं काय?

रक्त थांबून हात बधिर होतो हा समज पक्का बसलेला आहे. झोपेत हात बधिर होतो तो बहुतेक वेळा नस दबल्यामुळे किंवा ताणली गेल्यामुळे. नस म्हणजे इथे रक्ताची नाही, संवेदना वाहून नेणारी, मेंदूकडे खबर पोचवणारी. या नसा मानेच्या मणक्यांमधून निघतात, गळपट्टीच्या हाडाखालून दंडात उतरतात, कोपराच्या मागून आणि मनगटाच्या आतून जाऊन बोटांत संपतात. वाटेत अशा चार जागा आहेत जिथे त्यांना अंग चोरून जावं लागतं: मान, गळपट्टीचं हाड, कोपर आणि मनगट. यातल्या एखाद्या जागी तासभर दाब राहिला की, ठिबकच्या नळीला पीळ पडावा तसं होतं, पुढे काही पोचत नाही. दाब निघाला की नस पुन्हा जागी होते आणि त्या जागं होण्याच्याच आपल्याला मुंग्या जाणवतात.

एरवी शरीर आपोआप कूस बदलतं, म्हणून रोज असं होत नाही. दारू पिऊन किंवा झोपेची गोळी घेऊन गाढ झोपलेल्या माणसाला कूस बदलण्याची सूचना पोचत नाही. तो तासन्‌तास एकाच हातावर पडून राहतो. सकाळी उठतो तर मनगट लुळं पडलेलं असतं, हात वर उचलला तरी पंजा खाली लोंबतो. दंडाच्या मागून जाणारी नस दबली की असं होतं. हे बहुधा काही आठवड्यांत भरून येतं, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. उशी बदलून ते बरं होणार नाही.

पहिलं काम: आठवडाभर लिहून ठेवा

लेकरांच्या जुन्या वहीचं एक पान घ्या आणि उशाशी ठेवा. जाग आली की चार गोष्टी लिहायच्या: कोणता हात, कोणती बोटं, जागे झालात तेव्हा हात कुठे होता, आणि झटकल्यावर किती वेळात बरा झाला. लिहिता येत नसेल तर घरातल्या कुणालातरी सकाळी सांगा, किंवा बधिर झालेल्या बोटांना हळदीचं बोट लावून ठेवा, सकाळी दिसेल.

बोटं नीट बघणं हेच या सगळ्यात मोठं काम आहे. "पूर्ण हातच मरून जाते ताई," असं बहुतेक जण सांगतात. करंगळीपण का, असं विचारलं की मग थोडा वेळ विचार करतात आणि म्हणतात, "नाही, करंगळी बरी असते."

त्या एका उत्तरानं अर्धी वाट सापडते. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर होत असेल, तर मनगटातली नस दबते आहे असं धरून चाला. हात झटकला की बरं वाटतं, हीही त्याच नसेची ओळख. करंगळी आणि अनामिकेची दुसरी अर्धी बाजू असेल तर ती कोपरातली नस. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत करंट जातो ना, ती हीच. आणि मान दुखते, खांद्याच्या पाठीमागून कळ निघते, मान एका बाजूला वळवली की मुंग्या वाढतात, तर बिघाड मानेत शोधायचा. सगळा हात खांद्यापासून जड होतो आणि हात डोक्यावर नेऊन झोपायची सवय असेल, तर गळपट्टीच्या हाडाखाली दाब येत असण्याची शक्यता जास्त.

दोन छोट्या परीक्षा घरीच करून बघता येतात. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून बोटं खाली ठेवा, मनगटं पूर्ण वाकलेली, आणि एक मिनिट तसंच राहा. अंगठ्याकडच्या बोटांत मुंग्या आल्या तर मनगटाकडे बोट दाखवायला हरकत नाही. दुसरी परीक्षा: कोपर पूर्ण दुमडून हात खांद्याशी आणा, मनगट सरळ ठेवा, मिनिटभर थांबा. करंगळीत झिणझिण्या आल्या तर कोपर. मुंग्या नाही आल्या म्हणजे काहीच नाही असंही नसतं, पण आल्या तर दिशा कळते.

दुसरं काम: हात कुठे असतो ते बघा

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घरात झोपवत नाही. मग अंगणात बाज टाकायची किंवा गच्चीवर सतरंजी, आणि उशी घरातच राहते. डोक्याखाली काय, तर हात. दुपारी शेतात निंबाखाली आडवं झाल्यावर तर दुसरं काही नसतंच. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं. तेवढं ओझं मनगटावर किंवा दंडावर अर्धा तास ठेवलं तर तो हात बधिर होणारच. हातरुमाल नको, दुपट्टा चार घड्या करून डोक्याखाली घ्या, तेवढ्यानंही हात मोकळा होतो. नवऱ्याची पगडी, बायकोचा पदर, रिकामं पोतं, काही चालेल, फक्त हात नको.

लेकरू दंडावर घेऊन झोपणाऱ्या आयांना हे सांगणं मला जड जातं, कारण ते लेकरू दुसरीकडे ठेवलं की उठतं. पण रात्रभर तेच दंडावर राहिलं तर दंडामागची नस दबते. ते झोपलं की हळूच हात काढून घ्या आणि त्याला शेजारी, सपाट अंथरुणावर ठेवा. पाजताना हात कोपरात दुमडलेला असतो, म्हणून कोपराखाली गोधडीची घडी घ्या.

बाकी सवयी झटपट सांगते. पालथं झोपणारे हात उशीखाली घालतात, मान एका बाजूला वळवून ठेवतात. मान आणि हात, दोन्हीकडून नस अडते. हात डोक्यावर नेऊन उताणं झोपणाऱ्यांचं गळपट्टीखाली अडतं. मुटकुळं करून, हनुवटीखाली मुठी घेऊन झोपणाऱ्यांची मनगटं आणि कोपरं दोन्ही रात्रभर वाकलेली राहतात, म्हणून थंडीत हात बधिर होण्याचं प्रमाण वाढलं की मी आधी पांघरुणाचं विचारते. पांघरूण पुरेसं असलं की मुटकुळं सैल पडतं. घट्ट कडं, बांगड्या, मनगटी घड्याळ, मनगटाचा दोरा रात्री काढून ठेवा. चुडा काढणं घरात चालत नसेल, तर निदान तो मनगटावर घट्ट बसणारा नको, सरकणारा असावा.

तिसरं काम: उशीची उंची

उशी मऊ की कडक, कापसाची की फोमची, हा प्रश्न नंतरचा. आधी उंची. उशीनं एकच काम करायचं असतं: डोकं मानेच्या आणि पाठीच्या कण्याच्या सरळ रेषेत धरून ठेवायचं. कुशीवर झोपताना खांदा अंथरुणावर टेकतो आणि डोकं व अंथरूण यांत मोकळी जागा राहते. ती जागा उशीनं भरली पाहिजे. उशी उंच झाली तर डोकं वरच्या बाजूला वाकतं आणि वरच्या बाजूच्या मणक्यांमधली नसांची दारं अरुंद होतात. बुटकी झाली तर डोकं खाली लोंबतं, खालच्या बाजूची दारं अरुंद होतात, शिवाय सगळं ओझं खालच्या खांद्यावर येतं. दोन्हीचा शेवट मुंग्यांत होऊ शकतो.

माप कसं घ्यायचं? भिंतीला बाजूनं खांदा टेकवून उभे राहा, डोकं सरळ, नजर समोर. घरातल्या कुणाला तरी डोक्याच्या बाजूपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. फूटपट्टी नसेल तर बोटांनी, बोटं एकमेकांवर रचून. झोपल्यावर खांदा थोडा दबतो आणि पुढे सरकतो, म्हणून त्यातून दोनेक बोटं वजा करा. जे उरेल तेवढी उशी डोकं ठेवल्यावर, म्हणजे दबल्यावर, हवी. बहुतेक मोठ्या माणसांना कुशीवर साधारण १० ते १२ सेंटीमीटर पुरतं, रुंद खांद्याच्या माणसाला थोडं जास्त, बारीक चणीच्या बाईला थोडं कमी. उताणं झोपणाऱ्याला याच्या अर्ध्याहून थोडी जास्त उंची बास, शिवाय ती मानेखाली भरलेली आणि डोक्याखाली सपाट असावी. पालथं झोपणाऱ्यानं उशी घ्यायचीच असेल तर घडी केलेल्या दुपट्ट्याएवढी.

अंथरूण कोणतं, त्यावरही हे अवलंबून आहे. जमिनीवर सतरंजीवर झोपणाऱ्याचा खांदा आत जात नाही, म्हणून त्याला उशी जास्त उंच लागते. जाड गादीत खांदा रुततो, तिथे तीच उशी उंच पडते. एकाच घरात आजोबा जमिनीवर आणि सून गादीवर झोपत असेल तर दोघांना एकच माप चालणार नाही. शेजारच्याची उशी बघून तशीच आणण्यात म्हणूनच फसगत होते.

खात्री करून घ्यायची असेल तर मोबाईल कामी येतो. कुशीवर झोपा आणि घरच्यांना पाठीमागून एक फोटो काढायला सांगा, शर्ट किंवा झंपर पाठीला चिकटलेला असावा. मानेपासून कंबरेपर्यंत कणा एका रेषेत दिसतो का ते बघा. समोरूनही एक फोटो घ्या: नाक, हनुवटी आणि छातीच्या मधलं हाड एका रेषेत यायला हवं. डोकं कुठेतरी खाली-वर गेलेलं लगेच दिसतं.

बाजेचं काय?

सैल बाज ही आपल्याकडची मोठी अडचण आहे आणि तिच्याकडे कुणी तक्रार म्हणून बघत नाही. दोरी किंवा नवार सैल पडली की मध्ये झोल पडतो, अंग त्यात घसरतं, खांदे पुढे गोळा होतात आणि डोकं बाजूच्या काठाच्या उंचीवर राहतं. उशी कितीही बरोबर असली तरी हा झोल तिचं काम बिघडवतो. पायाकडची दोरी ओढून ताणून घ्या, नवार असेल तर पुन्हा विणून घ्या. ताणल्यावर बाजेच्या मध्ये हाताच्या पंजानं दाब द्या, चार-पाच बोटांपेक्षा जास्त खाली गेली तर अजून सैल आहे. तात्पुरता उपाय म्हणून बाजेवर आधी लाकडी फळी, मग गादी. तेही शक्य नसेल तर काही दिवस जमिनीवर चटई आणि गादी टाकून झोपून बघा, मुंग्या कमी झाल्या तर दोष बाजेचाच.

उशी भरायची कशी

आपण कापसाच्या मुलुखात राहतो आणि उशी मात्र बाजारातून फोमची आणतो, याचं मला वाईट वाटतं. रुईची, म्हणजे पिंजलेल्या कापसाची, उशी आपल्या कामाला सगळ्यात सोपी, कारण ती कमी-जास्त करता येते. उशीची एक बाजू उसवा, एक-दोन मुठी रुई काढा, टाके घाला, दोन-तीन रात्री झोपून बघा. फार बुटकी वाटली तर परत भरा. काढलेली रुई फेकू नका.

रुईचा दोष असा की ती बसते आणि गोळे पडतात. दोन वर्षांपूर्वी बरोबर असलेली उशी आज मध्ये खड्डा पडून काठावर उंच झालेली असते. डोकं खड्ड्यात, मान काठावर, आणि मान दुखते म्हणून लोक त्यावर आणखी एक उशी चढवतात. दोन उशा एकावर एक हे बधिर हातांचं नेहमीचं कारण आहे. पिंजारी गावात आला की गादीसोबत उशाही पिंजून घ्या, नाहीतर निदान आठवड्याला एकदा उन्हात टाकून काठीनं हलक्या हातानं झोडपा, रुई मोकळी होते. सावरीच्या कापसाची उशी फार हलकी आणि मऊ, पण ती लवकर बसते. कुशीवर झोपणाऱ्याला तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, उताणं झोपणाऱ्याला ती चांगली.

फोमच्या तुकड्यांची उशी, म्हणजे आठवडी बाजारात मिळते ती, डोक्याखालून सरकते, मध्ये रिकामी जागा राहते. तीही उसवून कमी करता येते, पण तुकडे पुन्हा सरकतात. डोक्याच्या आकाराप्रमाणे खड्डा घेणारी जी महागडी मेमरी फोमची उशी असते, ती गरमीत मऊ पडते आणि थंडीत कडक होते. मे महिन्यातल्या आपल्या रात्रींत तिच्यावर पैसे घालू नका.

उशी न घेताही सुरुवात करता येते. जुनी सुती गोधडी घ्या. तिची रुंद घडी करा, इतकी की डोकं आणि मान दोन्ही त्यावर मावतील, खांदा मात्र तिच्यावर येणार नाही. खांदा नेहमी उशीच्या बाहेर, अंथरुणावर. मानेच्या बाजूचा काठ थोडा गुंडाळून जाड करा म्हणजे मानेची खोबण भरेल. एक घडी कमी-जास्त केली की उंची बदलते, म्हणून चाचणीला याहून चांगलं काही नाही. तीन-चार रात्री त्याच घडीवर झोपून मगच बदला. रोज बदलत राहिलात तर काय उपयोगी पडलं ते कळणार नाही.

कुशीवर झोपताना हात कुठे ठेवायचे

उंची बरोबर झाली तरी खालचा हात अंगाखाली अडकला तर मुंग्या सुरूच राहणार. झोपताना खालचा खांदा थोडा पुढे ओढून घ्या, हात अंगासमोर मोकळा ठेवा, कोपर सैल, काटकोनापेक्षा जास्त दुमडलेलं नको. वरच्या हाताला आधार लागतो. तो नुसता सोडला तर पुढे पडतो, खांदा आणि मान ओढली जाते. छातीशी एक गुंडाळलेली गोधडी किंवा जुनी उशी धरा आणि वरचा हात तिच्यावर ठेवा. पाठीमागे दुसरी गुंडाळी ठेवली तर झोपेत पालथं होणं थांबतं. ज्या बाजूचा हात जास्त बधिर होतो ती बाजू काही दिवस वर ठेवा.

उताणं झोपणं हातांसाठी सगळ्यात सोपं. दोन्ही हात अंगाच्या बाजूला, तळवे मांड्यांकडे, कोपराखाली पातळ घडी. घोरणाऱ्यांना किंवा झोपेत श्वास अडकणाऱ्यांना मात्र उताणं झोपणं त्रासाचं, त्यांनी कुशीवरच राहावं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं झोपू नये. त्या काळात अंगात पाणी साठतं, मनगटातली नस दबते आणि दोन्ही हातांना मुंग्या येतात. डाव्या कुशीवर, छातीशी गोधडी, मनगट सरळ. बाळंतपणानंतर हे बहुधा आपोआप कमी होतं.

मनगट आणि कोपर सरळ ठेवण्याची युक्ती

अंगठ्याकडची बोटं बधिर होत असतील, तर नुसत्या उशीनं पूर्ण आराम येणार नाही. झोपेत मनगट वाकलं की आतली जागा आणखी अरुंद होते. मेडिकलमध्ये मनगटाची पट्टी मिळते, तळव्याच्या बाजूला धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असलेली. ती मनगट अगदी सरळ धरणारी हवी, मागे वाकवणारी नको. रात्री घालायची, दिवसा नाही, आणि एवढी सैल की बोट आत जाईल. चार ते सहा आठवडे रोज घाला, मग ठरवा.

करंगळीकडे मुंग्या असतील तर टॉवेल घ्या, कोपराभोवती दोन वेढे गुंडाळा आणि सैल दोरीनं किंवा कापडी पट्टीनं बांधा. मतलब एवढाच की कोपर पूर्ण दुमडता येऊ नये. हात निळा पडत असेल किंवा गार लागत असेल तर घट्ट झालं, लगेच सैल करा. दिवसा कोपर बाजेच्या कडेवर किंवा खुर्चीच्या दांडीवर टेकून बसण्याची सवयही याच नसेला त्रास देते.

दिवसाचं काम रात्रीच्या हातात उतरतं. दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते, ओटी बांधून बायांची बोटं दिवसभर मिटतात-उघडतात, मनगटातून जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या सुजतात आणि रात्री झोप मोडते. गोंदिया-भंडाऱ्याकडे बिडी वळणाऱ्या बायांचं तेच, धानाची रोवणी आणि निंदणाचंही. काम सोडा असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच परवडत नाही. पण तासाभरानं दोन मिनिटं हात खाली सोडून बोटं पसरा, मनगट फिरवा, खांदे वर-खाली करा. वेचणीच्या दिवसांत मनगटाची पट्टी रात्री सुरूच ठेवा. पाठीवरचा फवारणीपंप आणि डोक्यावरचं ओझं मानेवर पडतं, म्हणून ती कामं झालेल्या रात्री उशीची उंची आणखी काटेकोरपणे बघा.

उशीनं जमणार नाही ते

उशी आणि झोपण्याची पद्धत नीट करून साधारण तीन आठवड्यांत फरक पडायला हवा. पडला नाही, किंवा मुंग्या दिवसाही राहायला लागल्या, हातातून वस्तू सुटते, बटणं लावता येत नाहीत, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग किंवा बोटांमधली जागा खोल पडते आहे, तर आता तपासणी हवी. दोन्ही हात बधिर आणि चालताना पाय अडखळतात, तर मान तातडीनं दाखवा. हातांच्या आधी पायांच्या तळव्यांना मुंग्या येत असतील तर साखर तपासा. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व ही पण विचारायची नावं. दूध, मांस, अंडी फारशी न खाणाऱ्यांत आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडू शकतं. तपासणी न करता सुई घेत राहणं मात्र सोडा.

आपल्या भागात एक गोष्ट कधी नजरेआड करू नका. करंगळी बधिर, ती वाकडी पडते आहे, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागते, आणि अंगावर कुठेतरी फिकट किंवा लालसर चट्टा आहे ज्यावर काटा टोचला तरी कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. चुलीवरचं भांडं उचलताना भाजलेलं कळलंच नाही, असं कुणी सांगितलं तरी त्यांना लगेच दवाखान्यात न्या. दत्तपूर, आनंदवन अशी नावं या भागाला माहीत आहेतच, पण आता त्या जुन्या भीतीला कारण उरलेलं नाही. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, सहा महिने ते वर्षभर घ्यायची असतात, आजार बरा होतो. उशीर झाला तर मात्र मेलेली नस परत येत नाही. आशाताईंना चट्टा दाखवायला लाज वाटू देऊ नका.

आणि हे सगळं थांबवून, १०८ ला फोन करायची वेळ ओळखा. अचानक एकच हात बधिर किंवा अशक्त झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. डाव्या हातासोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर हृदयाचं. तेव्हा सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

ग्रामीण रुग्णालयात किंवा सेवाग्राम, सावंगी, नागपूर, यवतमाळ, अकोल्याच्या मोठ्या रुग्णालयात जाल तेव्हा ती वही सोबत न्या. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: कोणती बोटं, केव्हापासून, रात्री किती वेळा, झटकल्यावर बरं वाटतं की नाही. उशीत काय बदललं आणि त्यानं किती फरक पडला, तेही सांगा. गरज वाटली तर ते नसांची करंट लावून तपासणी सुचवतील. तिच्यात नस मनगटात अडते की कोपरात, याचा बराच उलगडा होतो. मधुमेहाची, थायरॉइडची कुठली गोळी सुरू असेल तर तिचं पाकीटच पिशवीत टाका, नाव आठवत बसायला नको.